कमाईची तालीम : पालघर-बोईसर-तारापूरच्या इतिहासातून

तारापूर हे नाव आज देशभर परिचित आहे. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली येथे सुरू झाले, आणि त्याच सुमारास बोईसर व तारापूर यांच्या दरम्यान औद्योगिक वसाहत आकारास येऊ लागली. भाताची शेती, मिठागरे, वाड्या आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात भोंग्याच्या वेळा सुरू झाल्या. आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल आज याच वसाहतीच्या आधाराने पेटते. कोणी कारखान्यात पाळीवर जातो, कोणाचा टेम्पो आहे, कोणाची खानावळ आहे, तर कोणी भंगाराचा व्यवहार करतो. या कष्टाच्या कमाईबद्दल आदर बाळगूनच प्रस्तुत लेख लिहीत आहे.

वाणिज्य शाखेच्या वर्गात आपण मुलांना जमाखर्च शिकवतो, नफा-तोटा शिकवतो, ताळेबंद मांडायला लावतो. परंतु हा धंदा आणखी पन्नास वर्षांनी उभा असेल काय, आणि तो चालावा म्हणून कोणाची विहीर, कोणाची खाडी किंवा कोणाची मजुरी खर्ची पडत आहे काय, हा प्रश्न क्रमिक पुस्तकात क्वचितच येतो. तो विचारण्याची सवय मुलांना लागावी असे वाटत असेल, तर त्यांना दूर नेण्याची गरज नाही. आपल्या परिसराचा इतिहास हाच त्याचा उत्तम धडा आहे. आवश्यकता आहे ती मुलांना त्या त्या ठिकाणी नेऊन उभे करण्याची.

वर्ध्याची परिषद

मुलांनी धंद्याच्या ठिकाणी जाऊन शिकावे ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या जन्माशी आपल्या समाजातील एका थोर शिक्षकाचे नाव निगडित आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेथे मांडलेल्या विचारांना अभ्यासक्रमाचे रूप देण्यासाठी जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. ते त्यावेळी जामिया मिल्लियाची धुरा वाहत होते. पुढे १९६७ साली तेच भारताचे राष्ट्रपती झाले. समितीत ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा भावे, काका कालेलकर आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा अशी मंडळी होती. मुलाने एखादा उपयुक्त हस्तव्यवसाय शिकावा आणि त्या व्यवसायाच्या अनुषंगानेच गणित, भूगोल, समाजशास्त्र व भाषा शिकावी, असा या समितीच्या अहवालाचा गाभा होता. यालाच आपण नयी तालीम म्हणून ओळखतो.

याच समितीतील कुमारप्पांनी पुढे तुरुंगात असताना एक पुस्तक लिहिले. 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे त्याचे नाव. त्यांनी निसर्गातील संपत्तीचे दोन प्रकार सांगितले. कोळसा व खनिज तेल यांसारखी संपत्ती म्हणजे भरलेली कोठी. उपसली की संपते. नदीचे पाणी, झाडाचे फळ यांसारखी संपत्ती म्हणजे वाहता झरा. जपली तर पिढ्यान् पिढ्या पुरते. ज्या व्यवहाराने झरा आटत नाही तोच चिरकाल टिकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ साली आला आणि 'शाश्वत विकास' हा शब्द जगाच्या तोंडी झाला. त्याच्या चाळीसएक वर्षे आधीच वर्ध्याच्या मातीत हा विचार मांडला गेला होता, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

बोर्डी आणि कोसबाड

वर्ध्याचा विचार कागदावर होता. शाळेच्या चार भिंती ओलांडण्याचे काम आपल्याच जिल्ह्यात झाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरू लागली. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील शिक्षणाची साधने झाली. आज देशात घरोघरी माहीत असलेला अंगणवाडी हा शब्द याच कार्यातून पुढे आला.

ताराबाई व अनुताईंनी शाळा कुरणापर्यंत नेली. आपण आता आपली मुले बंदरापर्यंत, वाडीपर्यंत आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत नेली, तर ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल ठरेल. कोठे न्यावे आणि तेथे काय दाखवावे, याचा आता विचार करू.

तारापूरची बुडालेली पेढी

पहिला मुक्काम तारापूर गावातच करावा. येथील किल्ला पोर्तुगीजांचा. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. पुढे पेशव्यांकडून हा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यास इनाम मिळाला. विकाजी व त्यांचे बंधू पेस्तनजी यांनी तारापूरहून आपला पसारा थेट निजामाच्या हैदराबादेपर्यंत वाढवला. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस आणण्याचा उद्योग त्यांनी १८२५-२६ च्या सुमारास केला. वऱ्हाडच्या कापसाची मुंबईकडे झालेली ही पहिलीच मोठी निर्यात मानली जाते. त्यांच्या पेढीची पत एवढी वाढली की खुद्द निजाम सरकार त्यांचे ऋणको झाले, आणि कर्जापोटी मुलखाचा महसूल त्यांच्याकडे तारण राहिला.

येथेच गाडे घसरले. १८४० च्या दशकात निजाम सरकारने तारणातील मुलूख काढून घेतला, मोठ्या रकमा बुडाल्या आणि एवढी नावाजलेली पेढी कोसळली. दाद मागण्यासाठी तिच्या मालकांना इंग्रज सरकारचे दरवाजे ठोठवावे लागले.

जोपर्यंत ही पेढी कापूस आणीत होती, रस्ते व मंडी यांच्या आधाराने व्यापार वाढवीत होती, तोवर तिच्या पायाखाली जमीन होती. राजदरबाराच्या एकाच ऋणकोवर सारी पत टांगली गेली, आणि ऋणकोची मर्जी फिरताच ती तुटली. आज एकाच मोठ्या कारखान्याच्या ऑर्डरवर आपले वर्कशॉप चालवणाऱ्या तरुणाने ही हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच तारापूरचे बंदरही दुसऱ्या कारणाने मागे पडले. १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग पुरा झाला आणि हळूहळू माल गलबताऐवजी आगगाडीने जाऊ लागला. गावाच्या व्यापाराचे तोंड खाडीकडून स्टेशनाकडे वळले. बोईसर व पालघर वाढली ती या लोहमार्गामुळेच. काळ बदलला की धंद्यालाही वाट बदलावी लागते, हा दुसरा धडा.

सातपाटीचे पापलेट

दुसरा मुक्काम सातपाटी. पालघरपासून जवळच असलेले हे कोळ्यांचे गाव पापलेटसाठी सर्वत्र ओळखले जाते. येथील मच्छीमारांनी सहकाराची कास धरली. डिझेल, बर्फ, जाळी आणि मासळीची विक्री या गोष्टी एकेकट्या नाखव्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकरांनी १८४४ साली आपले सहकारी दुकान काढले, त्यामागे जे तत्त्व होते तेच सातपाटीच्या सोसायट्यांमागेही आहे. सभासदाने सोसायटीकडे मासळी द्यायची, सोसायटीने एकत्र भाव करून ती विकायची आणि हिशेब सर्वांसमोर मांडायचा. १९५० च्या दशकात होड्यांना यंत्रे बसू लागली, तेव्हा या कामात सातपाटी आघाडीवर होती.

परंतु यंत्राने मासळी जशी वाढते तशी ती संपतेही. जाळ्याचे डोळे बारीक झाले, होड्या वाढल्या, आणि अंडी घालण्याच्या वयास न पोहोचलेली पापलेटची पिल्ले मोठ्या प्रमाणावर पकडली जाऊ लागली. कुमारप्पांच्या भाषेत सांगायचे तर वाहत्या झऱ्याची कोठी झाली. ही गोष्ट प्रथम ओळखली ती समुद्रावर पोट असणाऱ्यांनीच. पापलेटला राज्य मासा म्हणून मान द्यावा अशी मागणी सातपाटीच्या मच्छीमारांकडून झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने तसे जाहीर केले. त्याच वर्षी मासळीच्या ५४ जातींसाठी किमान लांबीही ठरवण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट धरू नये आणि विकूही नये, असा हा नियम आहे.

मुलांनी बंदरावर पट्टी घेऊन जावे आणि घरी आल्यावर आपल्या बाजारातील पापलेटही मोजावे. एवढीशी पिल्ले स्वस्तात मिळतात म्हणून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचाही या व्यवहारात वाटा आहे, हे त्यांना तेव्हा उमगेल. मग ती आईला म्हणतील, अम्मी, एवढी लहान नको घेऊ. हा धडा कोणत्याही व्याख्यानाने इतका लवकर मनावर बिंबणार नाही.

शाईच्या वडीपासून

तिसरा धडा प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरातच आहे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड व वड्या तयार करण्याचा छोटा उद्योग सुरू केला. विलायती शाईच्या दौती बाजारात भरलेल्या असताना देशी शाई खपवणे सोपे नव्हते. शाई चांगली नसेल तर निब अडते, कागदावर डाग पसरतो आणि शाळामास्तर ती परत पाठवतात. पुढे 'कॅमल' हे नाव शाई, रंग, पेन्सिली व कंपासपेट्या यांमुळे घराघरांत पोहोचले. उंटाचे ते चित्र आपल्यापैकी कित्येकांच्या बालपणाचा भाग आहे. याच कॅमलिनचा कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. २०११ नंतर कंपनीची सूत्रे जपानच्या कोकुयो या कंपनीकडे गेली आणि आता ती कोकुयो कॅमलिन या नावाने चालते.

घरगुती उद्योगाचा कारखाना कसा होतो, गिऱ्हाइकाचा विश्वास वर्षानुवर्षे कसा जमवावा लागतो आणि मालकी बदलली तरी नाव का टिकते, हे या एका उदाहरणातून शिकवता येईल. पेन्सिलीचे लाकूड कोठले, रंग लहान मुलांच्या हाताला बाधत नाही याची तपासणी कशी करतात, हे प्रश्न मुलांनी कोणत्याही कारखानदारास आदबीने विचारावेत.

दोन शेजारी

आता सर्वांत अवघड धड्याकडे वळू. तारापूरच्या वसाहतीत रसायने, रंग, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आले. हजारो हातांना काम मिळाले, ही गोष्ट कोणीही नाकारू शकत नाही. परंतु सांडपाणी वाढत गेले. नवापूर, मुरबे या किनाऱ्यावरील गावांतून आणि खाड्यांतून मासळी कमी झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मोजमाप केले, तेव्हा तारापूरचा निर्देशांक ९३.६९ भरला. देशातील सर्व क्षेत्रांत हा आकडा सर्वाधिक होता. त्याआधी २०१६ साली मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली होती. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने अनेक कारखान्यांवर आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरही नुकसानभरपाई बसवली.

बोईसरहून गाडी पुढे निघाली की वाणगाव लागते आणि मग डहाणू रोड. एवढ्याशा अंतरावर इतिहासाने वेगळे वळण घेतले. घोलवड-डहाणू भागात पारशी व इराणी बागायतदारांनी वाढवलेल्या चिकूच्या वाड्या आहेत. १९८० च्या दशकात डहाणूस औष्णिक वीज केंद्र येणार असे ठरताच या वाडीवाल्यांनी व पर्यावरणप्रेमींनी विरोध केला. वीज केंद्र आलेच, पण झगडा वाया गेला नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि तेथील उद्योगांच्या जागेस ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते. धुरातील गंधकाचे वायू अडवणारी यंत्रणा बसवण्यास या प्राधिकरणाने वीज केंद्रास भाग पाडले आणि ती २००७ साली कार्यान्वित झाली. पुढे २०१६ साली घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसऱ्या प्रांतातील चिकू कोणी घोलवडचा म्हणून विकू शकत नाही. पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळासही २०२३ साली असेच मानांकन लाभले.

डहाणूत सर्व काही आलबेल आहे आणि तारापुरात सर्व वाईट आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. डहाणूतील तरुण नोकरीसाठी बोईसरचीच गाडी पकडतो, हेही मुलांनी पाहावे. कारखाना नको असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घरी पगार कारखान्यातून येतो त्याला ते म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला गेला नाही, म्हणून तो नाहीसा झाला नाही. तो मुरब्याच्या कोळ्याच्या वहीत लिहिला गेला. ज्या ताळेबंदात शेजाऱ्याचे नुकसान आपला नफा म्हणून दाखवले जाते, तो ताळेबंद खोटा आहे, मग बेरीज कितीही बरोबर असो.

जुनी शिकवण, नवे दहा दिवस

हा विचार आपल्याला परका नाही. माप मारणाऱ्यांचा धिक्कार करणारी एक सूरत कुरआन शरीफमध्ये आहे आणि तिचे नावच 'मुतफ्फिफीन', म्हणजे मापात कमी देणारे, असे आहे. मध्ययुगीन मुसलमान शहरांत बाजारावर मुहतसिब नावाचा अधिकारी असे. वजने-मापे तपासणे, भेसळ पकडणे, रस्त्यावर घाण टाकू न देणे ही त्याची कामे. इजिप्त व शाम येथे या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथांत एकेका धंद्यातील लबाडी कशी ओळखावी याची प्रकरणे आहेत. विहिरीभोवती 'हरीम' म्हणून राखीव जागा सोडण्याचा नियमही फिकहमध्ये आहे. तेथे दुसऱ्याने पाण्यास बाधा येईल असे काही करू नये. पाणी ही अमानत आहे, हे जाणणाऱ्या समाजाला सांडपाण्याचा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागू नये.

अशा भेटींना सरकारी धोरणाचाही आता आधार आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली होती. आपल्यापैकी अनेक पालकांना तो तास आठवत असेल. बहुतेक शाळांत तो खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले यांवर संपला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची योजना सुचवली आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ बसून काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. हे दिवस सहलीसारखे खाण्यापिण्यात गेले तर झाकीर हुसेनसाहेबांच्या अहवालाचे जे झाले तेच याचेही होईल.

म्हणून प्रत्येक भेटीत मुलांच्या वहीत चार प्रश्न असावेत. एक, या धंद्याचा कच्चा माल कोठून येतो आणि तो पुन्हा निर्माण होतो काय? दोन, जे उरते, म्हणजे पाणी, धूर, चोथा, भंगार, ते कोठे जाते? तीन, येथे राबणाऱ्यास काय मिळते, आणि मालाचे वजन व दर्जा सांगितल्याप्रमाणे आहे काय? चार, या धंद्याचा हिशेब कोण पाहू शकतो? सातपाटीची सोसायटी असो, घोलवडची वाडी असो, कारखाना असो किंवा आपल्याच मोहल्ल्यातील बेकरी असो, प्रश्न तेच राहतील. उत्तर न मिळाल्यास 'उत्तर मिळाले नाही' एवढे मुलांनी प्रामाणिकपणे लिहावे. तेही एक उत्तरच असते.

पालकांना एक विनंती आहे. मुले घरी येऊन हेच चार प्रश्न तुम्हालाही विचारतील. तुमचे दुकान, तुमचा टेम्पो, तुमचा कारखाना यांबद्दल विचारतील. त्यावेळी त्यांना गप्प बसवू नका. जेथे हिशेब चोख आहे तेथे अभिमानाने सांगा. जेथे नाही तेथे अडचण काय आहे ते सांगा. तारापूरच्या पेढीला पत होती, तरी ती बुडाली. आपल्या खाड्यांना मासळी होती, तरी ती आटली. या दोन्ही गोष्टी घडत असताना कोणीतरी वेळीच प्रश्न विचारायला हवे होते. आपली मुले ते विचारायला शिकली, तर त्यांच्या हातून उभा राहणारा धंदा त्यांच्या मुलांनाही पुरेल. कमाईत बरकत असावी अशी दुआ आपण सारेच करतो. ती बरकत टिकावी यासाठीची तालीम मात्र आपणच त्यांना द्यावयाची आहे.